मुकादमाचं स्वच्छ पोट

पीठ मळायला घेण्याआधी मुकादमीण खिडकीपाशी जायची आणि दोन्ही हात पुढे धरायची. लग्न झाल्यापासूनचा हा रिवाज. मुकादम खुर्चीतून उठायचा नाही, वाकायचं तिनंच. तो तिचं एकेक बोट उजेडाकडे वळवून नखाखाली बघायचा, कधी हुंगायचा, आणि त्यानं मान हलवली की मगच तिनं पिठाला हात लावायचा. मान हलली नाही तर परत नळावर. घरात पाहुणे बसलेले असले तरी यातून सुटका नव्हती. उलट पाहुणे असले की तपासणीला जरा रंग चढायचा. "आमच्याकडे भरवसा चालत नाही, तपासणी चालते," असं तो म्हणायचा आणि पाहुणे हसायचे. मुकादमीणही हसायची. न हसून सांगते कोणाला?

शहरातल्या मोठ्या सार्वजनिक बागेचा तो मुकादम होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीच्या लेखी तो मुकादमच राहिला आणि ती मुकादमीण. तिचं खरं नाव गल्लीत कोणाला माहीत नव्हतं आणि घरात कोणी घेत नव्हतं.

बागेच्या मागच्या अंगाला रोपवाटिका होती. तिथल्या वाफ्यांना शहराच्या मैल्याचं खत पडायचं. माळी त्याला सोनखत म्हणत. माळ्यांना त्यासाठी बूट मिळत, पण मुकादम फाटकातच चपला काढून ठेवायचा. "बूट घालून झाडाजवळ जाणारा माणूस म्हणजे हातमोजे घालून लेकराला कुरवाळणारा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ओल्या वाफ्यात घोट्यापर्यंत पाय रोवून तो तासन्‌तास उभा राहायचा आणि माळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. संध्याकाळी घरी आला की साबणानं हात धुवायचा, पुन्हा धुवायचा, काडीनं नखं कोरायचा. पायांवर मात्र एक तांब्या पाणी ओतलं की झालं. पायांनी कुठं कोणी जेवतं?

लेक शाळेत जायला लागली त्या सुमारास तिला जंत झाले होते. शाळकरी पोरांना होतात तसेच. डॉक्टरनं गोळी दिली, जंत पडले, विषय मिटला. मुकादमाचा मिटला नाही. त्यानं बायकोला अंगणातल्या नळाखाली बसवलं आणि फरशी घासायच्या ब्रशनं, कपड्यांचा सोडा लावून, तिचे हात घासले. शेजारणी कठड्यावर ओणवून बघत होत्या. लेक दारात उभी होती.

"नीट बघून ठेव," तो लेकीला म्हणाला. "तुझ्या पोटातले जंत इथून आले. या नखांतून."

हातांची सालं निघाली, ती पुढं भरूनही आली. पण लेकीच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. ती मोठी झाली, सासरी गेली, आई झाली, तरी माहेरी जेवायला बसली की आधी चमचा रुमालानं पुसायची. मुलांसाठी तर डबाच घरून आणायची आणि आईच्या समोर उघडायची. "त्यांना तुझ्या हातचं तिखट लागतं गं," असं म्हणायची. आई तिखट खातच नव्हती.

गेल्या वर्षापासून मुकादम वाळायला लागला. कपडे अंगावर नव्हे, खुंटीवर टांगल्यासारखे दिसायला लागले. छातीतून शिट्टी वाजायची, जिना चढताना धाप लागायची, जेवल्यावर पोटात जळजळायचं. आणि एक विचित्र गोष्ट व्हायची. कमरेखाली एक लाल रेघ उठायची, तिला मरणाची खाज सुटायची, आणि बघता बघता ती रेघ जागा सोडून पुढं सरकायची. ही रेघ तशी जुनीच होती. अधूनमधून येऊन जायची. "कपडे नीट खळबळत नाहीस, साबण राहतो," असं म्हणून मुकादमानं तिचा निकाल कधीच लावून टाकला होता. बाकीच्या दुखण्यांचा निकाल गल्लीनं लावला: वय झालं.

लेकीनं त्याला दवाखान्यात नेलं. मुकादमीण मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी छाती ऐकली, रक्ताचा रिपोर्ट वाचला, ती लाल रेघ बघितली आणि मग विचारलं, "आजोबा, आयुष्यभर काम काय केलंत?"

"मुकादम होतो. बागेचा."

"मातीत? पायात काही असायचं?"

"मातीत जाताना आम्ही पायात काही घालत नाही," मुकादम ताठ होऊन म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "हा दमा असेल, पण मला जंतांचीही शंका येते. लहान मुलाच्या पोटात जंत झाले तर ते रडून घर डोक्यावर घेतं. म्हाताऱ्या माणसात जंत गुपचूप बसतात. माणूस नुसता खंगत जातो आणि घरचे म्हणतात वय झालं. दम्यासाठी तुम्हाला ज्या जोरकस गोळ्या द्यायच्यात ना, त्या शरीराचा पहारा ढिला करतात. आत जंत असले तर ते मोकाट सुटतील. म्हणून आधी शौचाची तपासणी. हे जंत एका खेपेत सापडत नाहीत, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी."

"माझ्या पोटात जंत?" मुकादमाचा आवाज चढला आणि खोकल्यात अडकला. "बाई, माझ्या घरात नखं बघितल्याशिवाय पिठाला हात लागत नाही!"

"बाबांचं कशाला तपासता," लेक हसत म्हणाली, "आमच्या आईचं बघा, तिथं बाजार भरलेला असेल."

मुकादमीण सवयीनं हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तीन डब्या टेबलावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमानं पहिली डबी बायकोच्या हातात दिली. वर त्याचं नाव लिहिलेलं होतं.

"याचं मी काय करू?"

"संडासात जाऊन काय करतात ते आता शिकवू का तुला?"

"अहो, पण नाव तुमचं आहे यावर."

"नाव माझंच राहू दे, आतलं तुझं घाल. त्या लॅबमध्ये कोण बसतो माहीत आहे? माझ्या हाताखालच्या माळ्याचा मुलगा. बाप माझ्यापुढं मान वर करायचा नाही, आणि पोरगा माझं भिंगाखाली धरून बघणार? आणि मग घरी जाऊन बापाला सांगणार?"

मुकादमिणीनं डबी फिरवून बघितली. "आणि माझ्यात निघाले तर?"

"निघाले तर बरंच झालं. ही डबी कोणाची ते मीच गावभर सांगेन. या घरात घाण कुठून येते ते तरी सिद्ध होईल."

"आणि नाही निघाले तर?"

"तर माझं पोट स्वच्छ." मुकादमाला स्वतःच्या हुशारीचं हसू आलं. "दोन्ही बाजूंनी माझंच. जा आता. आणि हे कुठं बोललीस तर याद राख."

ती गेली. त्या दिवशी गेली आणि पुढच्या दोन्ही वेळा गेली. रिपोर्ट येईपर्यंत मात्र ती पोटावर हात ठेवून पडायची आणि आत काही हलतंय का याचा कानोसा घ्यायची. इतकी वर्षं एकच गोष्ट ऐकत आलेल्या माणसाला ती थोडी खरीही वाटायला लागते. तो ब्रशचा दिवस तिला आठवत होता. या वेळी ब्रश आणेल की नुसतंच घराबाहेर काढेल, एवढाच तिचा विचार चालला होता.

तिन्ही रिपोर्ट कोरे आले. कुठं अंडं नाही, अळी नाही, काही नाही.

मुकादमीण स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून खाली बसली. कागदावरून तिनं बोट फिरवलं. हिच्यात घाण नाही असं आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी लिहून दिलं होतं. वर नाव मुकादमाचं होतं, एवढंच.

"आण इकडं," म्हणून त्यानं तिच्या हातातून कागद ओढून घेतला आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. बागेतल्या बाकावर निवृत्त माळी बसायचे, तिथं जाऊन त्यानं तो सगळ्यांना दाखवला. "बघा रे. तीनदा बघितलं, तीनदा कोरं. या वयात! तुमच्यापैकी एकाचं तरी येईल का असं?" माळ्यांनी मुकाट्यानं माना डोलावल्या. त्यांना ती सवय होती.

दुसऱ्या दिवशी मुकादमिणीनं पिठाचा डबा उघडला तशी हाक आली. "ए, हात दाखव."

"अहो, आता तर रिपोर्टसुद्धा..."

"रिपोर्ट माझा आहे," मुकादम म्हणाला. "हात दाखव."

तिनं हात पुढे केले. त्या दिवशी त्यानं तिला दोनदा नळावर पाठवलं.

रिपोर्टवर विसंबून डॉक्टरीणबाईंनी दम्याच्या त्या जोरकस, स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी जादू केली. मुकादमाची शिट्टी थांबली, भूक उघडली, गालांवर तकाकी आली. आवाज तर असा परतला की दोन घरं पलीकडे कळायचं की मुकादमिणीनं मीठ जास्त घातलंय. "बाबा पुन्हा तरणे झाले," लेक म्हणाली. मुकादमिणीच्या डोक्यात मात्र डॉक्टरीणबाईंचं ते मोकाट सुटण्याचं वाक्य होतं. एकदा धीर करून तिनं विषय काढलाही. "एकदा खरी डबी देऊन टाकू या का?" त्यावर त्यानं ताटच भिरकावलं. मग तिनं भिंत पुसली.

काही आठवड्यांनी पोट फुगलं. मग उलट्या, मग ताप, मग खोकल्यातून रक्ताचे धागे. बेंबीभोवती जांभळट ठिपके उमटले. रुग्णालयात नेलं तेव्हा मुकादम खाटेवर आडवा असूनही खाली घरंगळतोय असं वाटत होतं. नाकातून पोटात नळी घातली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला. डॉक्टरीणबाई दोन वेळा येऊन गेल्या. दुपारच्या फेरीत त्यांनी लेकीला आणि मुकादमिणीला बाजूला घेतलं.

"जंतू रक्तात उतरलेत, पण कुठून ते कळत नाही. माझी पहिली शंका पोटातल्या जंतांवरच होती. पण तीन तपासण्या कोऱ्या आहेत, आणि आता तर पोटच बंद पडलंय, नवी तपासणी करायला शौच होत नाही. म्हणून आम्ही दुसरीकडे शोधतोय. तुम्हाला काही माहीत असेल, अगदी क्षुल्लक असेल, तरी सांगा. उशीर परवडणार नाही."

मुकादमिणीनं खाटेकडे बघितलं. मुकादमाचे डोळे उघडे होते आणि तिच्यावरच रोखलेले होते. मुखवट्याखाली त्याची मान डावीकडून उजवीकडे हलली. जरब तीच, जुनी.

"नाही," मुकादमीण म्हणाली. "काही नाही."

डॉक्टरीणबाई गेल्या. नर्सनं कापसाचा बोळा आणि पाण्याची वाटी तिच्या हातात दिली. "मावशी, त्यांचे ओठ सुकलेत. जरा ओले करत राहा."

तिनं मुखवटा अलगद वर केला. बोळा ओठांपाशी नेला, तसं मुकादमानं तोंड फिरवलं. श्वासाला श्वास जोडत तो म्हणाला, "हात... धुतलेस?"

नर्स खुदकन हसली. "आजोबांचा कडकपणा गेला नाही हं अजून!"

"दे आई, मी करते," म्हणून लेकीनं वाटी घेतली. आधी तिनं ती रुमालानं पुसली.

मुकादमीण बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आता ती बोलली नाही तर मुकादम मरणार होता, हे तिला तुमच्या-माझ्याइतकं स्पष्ट दिसत होतं. त्याचं तिला भय वाटत नव्हतं. रडूही येत नव्हतं. तिला खुपत होतं ते वेगळंच. तो गेला तर त्या कोऱ्या रिपोर्टासकट जाणार. माणसं जमतील आणि म्हणतील, काय स्वच्छ माणूस होता. लेक जन्मभर चमचे पुसत राहील. आणि या हातांची साक्ष द्यायला जगात कोणी उरणार नाही, कारण जे घडलं ते फक्त त्याला आणि तिला ठाऊक. नाही, याला असं स्वच्छ मरू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

पण ती लगेच उठली नाही. भेटीची वेळ संध्याकाळी होती. तिनं वाट बघितली. वॉर्डात आत काहीतरी धावपळ झाली, कोणीतरी डॉक्टरांना बोलवा म्हणालं, लेक रडत बाहेर येऊन पुन्हा आत गेली. मुकादमीण बसून राहिली.

संध्याकाळी दार उघडलं आणि बागेतले माळी आले. टोप्या हातात घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. लॅबवाल्याचा बापही त्यांत होता. डॉक्टरीणबाई नाडी बघत होत्या.

"एवढा निर्मळ माणूस," एक माळी हळहळला. "रिपोर्ट खिशात घेऊन फिरायचे हो. आणि देवानं..."

"ते रिपोर्ट माझे आहेत," मुकादमीण म्हणाली.

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे वॉर्डात कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. पलीकडच्या खाटांवरच्या माना वळल्या.

"डॉक्टरीणबाई, तिन्ही डब्या माझ्या होत्या. यांनी एकदाही दिली नाही. नाव माझं राहू दे आणि आतलं तुझं घाल, म्हणाले. लॅबमधला पोरगा माळ्याचा आहे म्हणून यांना लाज वाटली. कोरं जे निघालं ते माझं पोट. यांचं अजून कोणी बघितलेलंच नाही."

लॅबवाल्याचा बाप पुढं झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मुकादमापुढं मान वर केली. "मुकादमसाहेब, आमच्या पोरानं तुमचं बघितलं असतं तर काय तुमची मुकादमी गेली असती? माणसाचं सगळ्यांचं सारखंच असतं हो. मी तुमच्याच बागेत टोपल्या वाहिल्यात त्याच्या."

मागच्या एका माळ्याला हसू आवरेना. तो खोकल्याचं निमित्त करून वळला. मुकादमाचे डोळे छताला लागले होते आणि त्यांच्या कडेनं पाणी वाहत होतं. मुकादमीण खाली वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "दोन्ही बाजूंनी तुमचंच."

डॉक्टरीणबाईंनी तोवर नळीतून पोटातलं पाणी स्वतः ओढून घेतलं होतं. नमुना घेऊन त्या स्वतःच लॅबकडे गेल्या आणि परतल्या त्या जवळजवळ धावतच. "भिंगाखाली नुसती वळवळ आहे," त्या नर्सला म्हणाल्या आणि औषध नळीतून द्यायला सांगितलं. मग लेकीकडे वळल्या. "या अळ्या बारीक असतात, सुतासारख्या. अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतल्या आत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत पन्नास-पन्नास वर्षं राहतात. ती सरकणारी लाल रेघ त्यांचीच. गोळ्यांनी पहारा उठला आणि त्या सगळ्या अंगभर पसरल्या."

"नखांतून नाही येत?" मुकादमिणीनं विचारलं. लेकीला नीट ऐकू जाईल असं.

"नाही. मातीतून, पायांतून. लग्नाच्या आधीपासूनसुद्धा असतील यांच्यात."

"म्हणजे हातांचा..."

"तुमच्या हातांचा यात काय संबंध?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि थबकल्या. "पण आजी, दुपारी मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा का नाही बोललात? एवढ्या वेळात माणूस जातो."

"दुपारी माणसं आली नव्हती," मुकादमीण म्हणाली.

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

मुकादम वाचला. कसा वाचला हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. औषध रोज चालू राहिलं, शौचातून अळ्या दिसायच्या थांबल्या तरी आणखी काही दिवस चाललं. घरी आला तो अर्धा माणूस. आवाज खोल गेला होता, काठीशिवाय पाऊल उचलत नव्हतं. माळी भेटायला आले नाहीत. बाकावर त्याचं नाव निघालं की कोणीतरी "डबी कोणाची?" एवढंच विचारायचं आणि बाकीचे पोट धरून हसायचे.

लेक येत राहिली. आईची तिनं माफी मागितली नाही. तसं कोणी मागत नाही. पण एका दुपारी ती आईशेजारी बसली आणि चमचा न पुसताच जेवायला लागली. मुलांनाही आईच्या हातचं वाढलं. मुकादमाच्या चमच्याला मात्र तिनं लाल दोरा बांधून ठेवला, चुकून कोणी घेऊ नये म्हणून. मुलांना सांगितलं, आजोबांच्या मांडीवर बसायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी तसलं काही सांगितलेलं नव्हतं.

जंत परतलेत का ते बघायला अधूनमधून तपासणी ठरली होती. नवी डबी आली की मुकादमीण संडासाच्या दाराशी उभी राहायची आणि आतल्याला विचारायची, "आज तुमचंच ना?" शेजारच्या खिडक्यांपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात. आतून उत्तर येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा विचारायची. मग डबी स्वतः घेऊन लॅबमध्ये जायची आणि माळ्याच्या पोराला म्हणायची, "सावकाश बघ रे बाळा. घाई नाही."

आणि जेवायच्या वेळी ती ताट घेऊन मुकादमासमोर उभी राहायची. बोलायची काही नाही. पहिल्या दिवशी त्याला कळलं नाही, तेव्हा ताट तसंच निवत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढे धरले, नखं वर करून.

हे जंत नखांतून येत नाहीत, हे मुकादमिणीनं डॉक्टरीणबाईंच्या तोंडून स्वच्छ ऐकलेलं होतं. तिनं एकेक बोट उजेडाकडे वळवलं. निवांतपणे बघितलं.

"परत," ती म्हणाली.

तो काठी टेकत नळाकडे निघाला. तो परत येईपर्यंत तिनं पाट घेतला, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि जेवायला सुरुवात केली.